अडॅप्टिव्ह क्रूझ लावला की गाडी मधेच ब्रेक मारते? सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी हे बघा

गाड्यांमध्ये अडास (ADAS, म्हणजे रडार-कॅमेऱ्याने रस्ता बघून ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टिम) यायला लागल्यापासून अडॅप्टिव्ह क्रूझच्या, म्हणजे सेट केलेला स्पीड धरून पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणाऱ्या क्रूझच्या, तीन तक्रारी इतक्यांदा ऐकल्यात की आता पाठ झाल्यात. पहिली, "क्रूझ लावून निवांत चाललो होतो, पुढे काळं कुत्रं नाही आणि गाडीने खचकन ब्रेक मारला." दुसरी बरोब्बर उलटी, "पुढे ट्रक उभा होता आणि गाडीने ब्रेकच मारला नाही, शेवटी मीच दाबला." तिसरी म्हणजे मधेच मीटरवर मेसेज येतो, सेन्सर झाकलाय म्हणे, आणि क्रूझ बंद. लोक या तिन्ही गोष्टी एकत्र करून "सिस्टिमच भंगार आहे" असं म्हणून मोकळे होतात किंवा थेट सर्व्हिस सेंटर गाठतात, तिथे लॅपटॉप लावतात, "एरर कोड काही नाही साहेब" म्हणतात, गाडी धुऊन परत देतात आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

माझं म्हणणं एवढंच की यातल्या बऱ्याच केसेस घरबसल्या सुटतात, फक्त कुठे आणि केव्हा होतं ते नीट बघायला पाहिजे.

एकाच जागी होतं की कुठेही होतं?

हा प्रश्न काउंटरवर कोणी विचारत नाही पण सगळ्यात उपयोगाचा हाच आहे. दर वेळी त्याच वळणावर, त्याच पुलाखाली, त्याच लोखंडी कमानीखाली ब्रेक लागत असेल तर गाडीत बहुतेक काही बिघाड नाहीये, तिथला रस्ताच तसा आहे आणि सेन्सर फसतोय. सरळ मोकळ्या रस्त्यावर, कुठेही, कधीही होत असेल तर मग गाडीकडे बघा, म्हणजे बंपर, काच, रडार. आणि "आधी मस्त चालायचं, मागच्या महिन्यापासून सुरू झालं" असं असेल तर मागच्या महिन्यात गाडीला काय काय केलं ते आठवा. बंपर रंगवला? काच बदलली? पुढे गार्ड लावला? नवीन डॅशकॅम चिकटवला? उत्तर बहुतेक तिथेच सापडतं.

दुसरी गोष्ट, मीटरमध्ये पुढच्या गाडीचं छोटं चित्र येतं ना, ब्रेक लागतो त्या क्षणी ते चित्र होतं का ते बघायचं. तुम्ही नाही, शेजारी बसलेल्याने बघायचं, तुम्ही रस्ता बघा. पुढे गाडी नसताना चित्र उमटलं तर सेन्सरला भूत दिसतंय, म्हणजे कमान, बाजूच्या लेनमधला ट्रक, रेलिंग, असलं काहीतरी तो पुढची गाडी समजतोय. चित्र नाही, उलट मोठ्ठा लाल इशारा आणि टूं टूं असा आवाज झाला असेल तर तो क्रूझ नव्हेच, ते इमर्जन्सी ब्रेकिंग आहे, ती सिस्टिम वेगळी आणि तिचं सेटिंगही वेगळं. या दोन गोष्टी लोक कायम एकत्र करतात आणि मग सर्व्हिसवाला भलत्याच गोष्टीच्या मागे लागतो. एखादा मागच्या सीटवरचा भाचा मोबाइलवर मीटरचं शूटिंग करायला बसवा, त्याला कामही मिळतं आणि तुम्हाला पुरावाही.

वळणावर आणि घाटात

गाडीला आपला रस्ता पुढे कुठे वळणार आहे हे आपल्यासारखं "दिसत" नाही, स्टिअरिंग किती वळलंय आणि गाडी किती वळतीये यावरून ती अंदाज बांधते की मी या पट्ट्यातून जाणार, त्या पट्ट्यात जो असेल तो माझ्या पुढचा. कॅमेरा असेल तर तो लेनचे पांढरे पट्टे बघून मदत करतो, पण पट्टे पुसलेले असतील, पाऊस असेल, समोर संध्याकाळचं ऊन असेल तर त्याचंही अवघड होतं. मग वळणाच्या सुरुवातीला काय होतं की तुम्ही अजून सरळ आहात, पुढची लेन वळलीये आणि नाकासमोर नेमका डावीकडच्या लेनमधला ट्रेलर येतो, गाडीला वाटतं हाच पुढचा, लागला ब्रेक. तुम्ही वळलात की ट्रेलर बाजूला जातो आणि गाडी परत पळते. एक्सप्रेसवेला खंडाळ्याजवळ अमृतांजन पुलाच्या तिथे (पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, पण जागेचं नाव अजून तेच) हा प्रकार फार होतो कारण वळणं तीव्र आहेत आणि बाजूला कायम जड गाड्या रांगत असतात.

याचा उलटा प्रकार जास्त डेंजर. वळणावर तुमच्या पुढची खरी गाडी त्या पट्ट्याच्या बाहेर जाते, चित्र गायब होतं, आणि गाडी म्हणते रस्ता मोकळा, सेट केलेल्या १०० कडे निघाली. घाटात, वळणावर, पुढे गाडी असताना तुमची गाडी स्वतःहून स्पीड वाढवतेय. याला फॉल्ट म्हणून तक्रार केलीत तर कंपनी मॅन्युअलचं पान उघडून दाखवेल, तिथे लिहिलेलंच असतं की तीव्र वळणांवर, चढउतारांवर वापरू नका, आपण वाचत नाही हा भाग वेगळा.

म्हणून बोरघाट, कसारा, आंबेनळी, कुठलाही घाट असो, क्रूझ बंद. फक्त ब्रेक दाबून तात्पुरता सुटलेला नाही, मेन बटणाने बंद, नाहीतर चुकून रिझ्यूमला बोट लागलं की गाडीला आधीचा १०० आठवतो आणि घाटात लिमिट त्याहून बरंच कमी असतं. उतरताना अजून एक कारण आहे, बऱ्याच गाड्या क्रूझमध्ये स्पीड धरून ठेवायला ब्रेकच वापरतात, खंडाळ्यावरून खोपोलीला येईपर्यंत ते सतत लागत राहिले तर तापणारच. खालचा गियर टाका, बऱ्याच ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोड किंवा पॅडल असतात, इंजिनाला गाडी धरू दे.

उभा ट्रक का दिसत नाही

यावर जरा जास्त लिहितो कारण इथे जीव जातो.

बहुतेक गाड्यांमध्ये पुढे ७७ गिगाहर्ट्झचं रडार असतं, काहींमध्ये सोबत कॅमेरा, होंडाच्या सिटी-एलिव्हेटसारख्या गाड्यांमध्ये नुसत्या कॅमेऱ्यावर काम चालतं. रडारला हलणारी वस्तू चटकन ओळखता येते. पण रस्त्यावर स्थिर वस्तू केवढ्या असतात बघा, रेलिंग, पाट्या, पुलाचे खांब, कमानी, रस्त्यात बसवलेली लोखंडी झाकणं. प्रत्येक स्थिर वस्तूला घाबरून ब्रेक मारायचा ठरवलं तर गाडी दर अर्ध्या किलोमीटरला थांबेल. म्हणून लांबच्या आणि सुरुवातीपासून स्थिर असलेल्या गोष्टींकडे ही सिस्टिम मुद्दाम कानाडोळा करते. तुमच्या पुढे चालत असलेली गाडी हळू होत थांबली तर ती थांबतेय हे सिस्टिमला कळतं, कारण सिस्टिम आधीपासून त्या गाडीवर नजर ठेवून असते. पण आधीच उभा असलेला, बंद पडलेला, पंक्चर काढत बसलेला ट्रक तिच्या हिशोबात पाटीसारखाच. नवीन गाड्या यात सुधारल्यात, कॅमेरा ट्रकची मागची बाजू ओळखतो, तरी १००-१२० च्या स्पीडला त्यावर विसंबून राहायचं नाही.

सगळ्यात वाईट प्रसंग हा. तुम्ही समृद्धीवर १२० लावून एका एसयूव्हीच्या मागे आहात. समोर उजव्या लेनमध्येच डंपर बंद पडलाय. एसयूव्हीवाल्याला तो दिसतो, तो शेवटच्या क्षणाला डावीकडे मारतो. तुमच्या गाडीच्या दृष्टीने काय झालं? पुढचा गेला, रस्ता मोकळा झाला, चला स्पीड धरा. म्हणजे जिथे ब्रेक पाहिजे तिथे ती ॲक्सिलरेटर देणार. पुढचा माणूस झटकन लेन बदलतोय असं दिसलं की कारण कळायची वाट न बघता ब्रेकवर पाय, एवढं एक जरी अंगवळणी पाडलंत तरी पुष्कळ.

आणि समजा तिला ट्रक दिसला, तरी क्रूझचा ब्रेक म्हणजे पूर्ण ब्रेक नाही. त्यासाठीचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे त्यात हायवेच्या स्पीडला ब्रेकिंगची ताकद साधारण ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्यावर मर्यादित ठेवलीये, म्हणजे कोरड्या रस्त्यावर तुम्ही पूर्ण पाय दाबून जे मिळवता त्याच्या निम्म्याहून कमी. आकडा मांडून बघा, १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, क्रूझच्या ब्रेकने थांबायला ११० मीटर लागतात, पूर्ण ब्रेकने ५० च्या आसपास, तुमच्या रिअ‍ॅक्शनचे मीटर वेगळे. त्यामुळे "गाडी मारेल ब्रेक, बघू" अशी वाट बघत बसलात तर जे अंतर हाताशी होतं तेच खर्च झालेलं असतं.

हायवेवर नसतील इतक्या तऱ्हा आपल्याकडच्या साध्या रस्त्यांवर असतात. सळ्यांचा ट्रक घ्या, सळ्या मागे बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं असलं तर नशीब. रडार अंतर मोजणार ट्रकच्या बॉडीपर्यंत किंवा खाली ॲक्सलपर्यंत, सळ्यांपर्यंत नाही. ऊसाचा सीझन सुरू झाला की सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर पट्ट्यात रात्री ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, टेल लॅम्प नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. टू-व्हीलर लेनच्या कडेने जात असेल तर सिस्टिम तिला कधी धरते कधी सोडते. अशा रस्त्यावर अंधार पडल्यावर अडॅप्टिव्ह क्रूझ लावणाऱ्याचं मला कौतुक नाही वाटत.

गाडीकडे बघायचं तेव्हा काय बघायचं

आता "कुठेही होतं" किंवा "सेन्सर झाकलाय" वाली केस. आधी तुमच्या गाडीत रडार कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये शोधा, खालच्या जाळीत असतं किंवा पुढच्या लोगोच्या मागे, बाहेरून काळा गुळगुळीत चौकोन दिसतो. बऱ्याच मालकांना हे माहीतच नसतं आणि मग त्याच्यावरच सगळे संस्कार होतात.

म्हणजे कसे, तर हे बघा. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, बोनेटवरून खालपर्यंत झेंडूचा हार सोडला, तो मस्त भरगच्च, ओला, बरोब्बर जाळीवर. ओल्या फुलांतून रडारची लहर नीट जात नाही, पाणी ती शोषून घेतं. संध्याकाळी हायवेला लागल्यावर मेसेज, क्रूझ उपलब्ध नाही. आमच्या ओळखीत एकाने यासाठी दुसऱ्या दिवशी रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला होता, आलेल्या पोराने काही न बोलता हार उचलून डिकीत ठेवला, गाडी बंद-चालू केली, झालं. लिंबू-मिरचीचं पण तेच, जाळीच्या मधोमध बांधलं की ते हवेत झुलत राहतं आणि बांधलेलं ठिकाण रडारसमोरच असेल तर कधी दिसतं कधी नाही असा लपंडाव. श्रद्धेला काही म्हणणं नाही, फक्त वीतभर बाजूला बांधा.

मग चिखल. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर बंपरवर जो लाल राडा बसतो तो पुसला की निम्म्या तक्रारी बंद. कापड ओलं करून हलक्या हाताने पुसा, प्रेशर वॉशरचं तोंड जवळून सेन्सरवर धरू नका.

लोखंडी क्रॅश गार्ड लावला असेल तर काढा. तसंही डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं, आणि अडासच्या गाडीत तर तो थेट रडारच्या तोंडासमोर येतो. जाड फ्रेमची नंबरप्लेट, जाळीवर नंतर बसवलेला क्रोमचा पट्टा, बंपरवर लावलेली मेटॅलिक रॅप, सगळं यातच आलं.

बंपर रंगवणं हा छुपा रुस्तम. ज्या गाड्यांत रडार बंपरच्या आत असतं तिथे रंगाच्या थराची जाडी, रंगातले धातूचे कण, आणि विशेषतः पुट्टी, या सगळ्याचा परिणाम होतो. बाहेरच्या गॅरेजमध्ये छोटासा पोचा काढून पुट्टी मारून बंपर चकाचक करून मिळतो, दिसायला ओळखू येत नाही, पण रडारच्या समोर पुट्टीचा लेप बसलेला असतो. बंपर काढून परत बसवताना ब्रॅकेट जरा वाकला तरी रडारचा रोख एखाद्या अंशाने हलतो, आणि एक अंश म्हणजे शंभर मीटरवर पावणेदोन मीटर, म्हणजे अर्धी लेन इकडेतिकडे. मग सरळ रस्त्यावर पण बाजूच्या लेनमधल्या ट्रकला बघून ब्रेक लागायला लागतो. हे लक्षण दिसलं की समजा रोख हललाय.

कॅमेरा आरशाच्या मागे काचेला असतो. गंमत अशी की फास्टॅग पण काचेच्या आतून आरशाच्या मागेच चिकटवायला सांगतात. टोलवरच्या पोराला घाई असते, तो बोट फिरवून जागा बघतो आणि चिकटवून मोकळा होतो, कडेचा तुकडा कॅमेऱ्याच्या खिडकीत. बाहेर उभं राहून काचेतून कॅमेऱ्याकडे बघा, त्याच्यासमोर फास्टॅग, सोसायटीचा पार्किंग स्टिकर, डॅशकॅमची वायर, सनफिल्मची पट्टी, काहीही नको. डॅशबोर्डवर चकचकीत वस्तू ठेवली असेल तर तिचं प्रतिबिंब काचेत पडतं, त्यानेही कॅमेरा गंडतो. आणि काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याचा रोख परत नेमका जुळवणं) झालंच पाहिजे, "चालतंय की" म्हणून गाडी घेऊन यायचं नाही.

मधे घुसणाऱ्यांचं काय करायचं

हा बिघाड नाही पण सगळ्यात जास्त वैताग याचाच. क्रूझमध्ये पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं ते मीटरवर रेघांनी दिसतं, त्या अंतराच्या चार रेघा ठेवल्या की पुढे जागा दिसते, आपल्याकडे जागा दिसली की कोणीतरी घुसणार, गाडी ब्रेक मारून परत अंतर करणार, परत एक घुसणार. मागचा हॉर्न वाजवतोय कारण त्याला तुमचे ब्रेक लाइट विनाकारण पेटताना दिसतात. यावर लोक एक रेघ करून टाकतात. ते नको, सगळ्यात कमी सेटिंगला अंतर साधारण एक सेकंदाचंच उरतं, १०० ला म्हणजे २८ मीटर, त्यात तुम्हाला विचार करायलाही वेळ नाही.

मला जे बरं वाटतं ते असं, मधली लेन, अंतर दोन-तीन रेघा, आणि सेट स्पीड आजूबाजूच्या ट्रॅफिकपेक्षा थोडा कमी. बहुतेक झटके स्पीडच्या फरकामुळे बसतात, तुमचा सेट १०० आणि ट्रॅफिक ८० ने चाललंय तर गाडी कायम पळायला बघणार आणि कायम ब्रेक मारणार. सेट ८० करा, निम्मे झटके गेले. कोणी घुसला पण तुमच्यापेक्षा जोरात चाललाय असं दिसलं तर ॲक्सिलरेटर हलका दाबून ठेवला की गाडी विनाकारण ब्रेक मारत नाही, पण लक्षात ठेवा, पाय ॲक्सिलरेटरवर आहे तोपर्यंत क्रूझ ब्रेक मारणारच नाही, काही जण नुसता पाय टेकवून ठेवतात आणि नंतर म्हणतात गाडी थांबली नाही.

टोलनाक्याच्या आधी बंद. जोराच्या पावसात बंद, पाण्याच्या थरावर टायर उचलला गेला तर क्रूझला ते उशिरा कळतं. बोगद्यात शिरताना उजेड एकदम बदलतो, कॅमेऱ्यावर चालणाऱ्या गाडीला क्षणभर काही सुचत नाही, त्यामुळे पाय तयार ठेवा.

एवढं करूनही होत असेल तर

मग सर्व्हिस सेंटर, पण "क्रूझ नीट चालत नाही" एवढंच सांगू नका. जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, कुठे, किती स्पीडला, ऊन की पाऊस, मीटरवर गाडीचं चित्र होतं की नाही, कधीपासून, त्याआधी काय काम झालं होतं. व्हिडिओ दाखवा. ॲडव्हायझरला बरोबर घेऊन त्याच रस्त्यावर चक्कर मारा, पार्किंगमध्ये काहीच दिसणार नाही. रडार आणि कॅमेरा दोन्हीचं कॅलिब्रेशन मागा, त्यासाठी गाडीसमोर ठरावीक अंतरावर बोर्ड लावून मोजमाप करतात किंवा लॅपटॉप जोडून रस्त्यावर चालवतात, गाडीप्रमाणे पद्धत वेगळी. त्याच्या आधी टायरमधली हवा आणि व्हील अलाइनमेंट बघायला सांगा, मागची चाकं तिरकी असतील तर गाडी सरळ जाताना पण जरा तिरकी उभी असते आणि मग कॅलिब्रेशन केलेलंही चुकतं. झाल्यावर रिपोर्टची प्रिंट मागून घ्या. आणि काच किंवा बंपर इन्शुरन्समधून बदलत असाल तर कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्ये सुरुवातीलाच धरायला लावा, सर्व्हेयर येऊन गेल्यावर तो घुसवायला गेलात की खिशातूनच जातो.